नववीच्या प्रवेशाची तयारी आठवीच्या दिवाळीआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्य प्रदेशात शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आठवीचा निकाल कधी मार्चअखेर लागतो, कधी एप्रिल संपत आल्यावर. त्या थोड्या दिवसांत रामबाग, लोकमान्य नगर, पलसीकर कॉलनी, सुदामा नगर इथल्या कितीतरी मराठी घरांत नववीसाठी शाळा शोधण्याची धावपळ उडते. आमचे म्हणणे इतकेच, की ही धावपळ सहा महिने उशिरा होते. कमी खर्चात चांगले शिक्षण देणाऱ्या ज्या जागा इंदूरच्या मुलांना मिळू शकतात, त्यांतल्या बहुतेकांचे अर्ज मूल आठवीत असतानाच भरून होतात आणि काहींच्या परीक्षाही उरकतात. एप्रिलमध्ये हाती उरते ते खासगी शाळेचे फीकार्ड. म्हणून हे पत्र निकालाच्या दिवसांत न छापता पावसाळा सरता सरता छापावे, अशी विनंती आहे. ज्यांचे मूल आज आठवीच्या वर्गात बसले आहे, त्यांच्याच ते उपयोगाचे आहे.

सगळ्यांत जास्त कोंडी होते ती आरटीईतून शिकणाऱ्या मुलांची. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ प्रमाणे खासगी शाळेने प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना प्रारंभिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत फुकट शिकवायचे. या ‘प्रारंभिक’ शब्दाची हद्द आठवीला संपते. शासनाकडून शाळेला मिळणारी फीची भरपाईही तिथेच थांबते. नर्सरीत लॉटरी लागलेले मूल दोन केजी आणि पुढच्या आठ इयत्ता धरून अकरा वर्षे एकाच शाळेत काढते. त्याचे मित्र, बाई, बसचा थांबा सगळे तिथलेच असते, आणि नववीच्या पहिल्या दिवशी घरी पूर्ण फीची पावती येते. पालकांना वाटते शाळेने शब्द फिरवला. कायद्याच्या दृष्टीने शाळा चुकत नाही, पण ही गोष्ट आठवीच्या सुरुवातीलाच लेखी कळवणे तिला अवघड नव्हते. अशा पालकांनी ऑक्टोबरमध्येच शाळेला साध्या कागदावर अर्ज देऊन दोन गोष्टी विचाराव्यात: नववीची एकूण फी किती, आणि आरटीईतून आलेल्या मुलाला शाळा स्वतःहून काही सवलत देते का. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. उत्तर काहीही आले तरी पुढचा मार्ग ठरवायला वेळ मिळतो.

आता तो मार्ग कोणकोणत्या दारांवरून जातो ते पाहू.

जिल्ह्याचे उत्कृष्ट विद्यालय, म्हणजे इंदुरात शासकीय बाल विनय मंदिर, आणि विकासखंडांतली मॉडेल स्कूल यांत नववीला प्रवेश परीक्षेने मिळतो. ती परीक्षा राज्य मुक्त शाळा मंडळ घेते, अर्ज एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर भरतात, आणि अर्जाची मुदत आठवीची वार्षिक परीक्षा होण्याआधीच संपते. निकाल लागल्यावर टीसी घेऊन थेट शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या पालकांना हेच ठाऊक नसते. कियोस्कवर गर्दी असली की शाळेची निवड, माध्यम आणि आरक्षणाचा वर्ग हे तीन रकाने हमखास चुकतात, कारण ते भरणारा माणूस मुलाला ओळखत नसतो. ‘सबमिट’ करण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्यावा आणि प्रत्येक ओळ मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. पावती घरी नेऊन फाइलला लावावी, नुसता मोबाइलवर फोटो काढून भागत नाही.

पूर्वी सीएम राइज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२५ पासून सांदीपनी विद्यालये झालेल्या शाळांत नववीच्या रिकाम्या जागा किती, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊनच कळते. घराजवळच्या साध्या शासकीय हायस्कुलालाही कमी लेखू नये. तिथे गणित आणि विज्ञानाचे शिक्षक पदावर आहेत का, एवढे आधी विचारून घ्यावे. शाळा चांगली की वाईट हे त्या एका प्रश्नावरून बरेचसे कळते.

शासकीय किंवा अनुदानित शाळेत आठवीत असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते आणि ते हातचे जाऊन होते. परीक्षा आठवीत असताना द्यायची. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, दोन्ही पेपरला दीड-दीड तास. दोन्हींत मिळून सर्वसाधारण वर्गाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के किमान गुण लागतात. सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्के सूट आहे, आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या स्वतःच्या खात्यात येतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये.

यात तीन खड्डे आहेत. पहिला असा, की निवड झालेल्या मुलाचे नाव पालक कौतुकाने खासगी शाळेत घालतात. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी शाळेत, केंद्रीय विद्यालयात किंवा नवोदयात गेले की ती बंद. दुसरा, परीक्षेतल्या निवडीने पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज भरावा लागतो, तो आधी शाळेच्या लॉगिनवरून आणि मग जिल्ह्याच्या लॉगिनवरून तपासला जातो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. शाळेच्या पातळीवर अर्ज अडकून पडला तर जिल्ह्याला तो दिसतच नाही. म्हणून अर्ज भरल्यावर आठवड्याभरात शाळेत जाऊन ‘माझा अर्ज व्हेरिफाय झाला का’ हे विचारायलाच हवे. तिसरा खड्डा बँकेचा. खाते मुलाच्या नावावर असते, पण आधारशी जोडलेले नसते किंवा दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेले असते. दहावीत ६० टक्के मिळाले तरच अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहते, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे. खासगी शाळेत आरटीईतून शिकणारी मुले या परीक्षेला बसू शकत नाहीत, हे अन्यायाचे वाटते, पण नियम आज तसाच आहे.

जवाहर नवोदय विद्यालय आपल्या जिल्ह्यात मानपूरला आहे. तिथे मुख्य प्रवेश सहावीला होतो आणि नववीला फक्त रिकाम्या झालेल्या जागा भरतात, त्यामुळे त्यांचा आकडा दरवर्षी बदलतो. नववीची परीक्षा अडीच तासांची, १०० गुणांची: गणित ३५, विज्ञान ३५, हिंदी १५, इंग्रजी १५. मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत त्या वर्षी आठवीत शिकत असले पाहिजे. एखाद्याने मुलाला वर्षभरासाठी आजीकडे उज्जैनला ठेवले असेल तर इंदूरच्या जागेवर त्याचा अर्ज बसत नाही. ज्यांचे धाकटे मूल अजून पाचवीत आहे त्यांनी सहावीचीच परीक्षा धरावी. तिथे ८० जागा असतात, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांच्या. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

सैनिक शाळेचे आकर्षण आपल्या घरांत मोठे आहे. आपल्या राज्यात रीव्याची शाळा १९६२ पासूनची. तिच्या नववीच्या प्रवेश परीक्षेत ४०० पैकी २०० गुण एकट्या गणिताचे असतात, ५० प्रश्न आणि प्रत्येकी ४ गुण. बाकीचे २०० बुद्धिमत्ता, इंग्रजी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांत ५०-५० वाटलेले. सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते, नववीची मात्र केवळ इंग्रजीतून असते. हिंदी माध्यमातल्या हुशार मुलाला पेपर हाती आल्यावर हे कळते, तेव्हा फार वाईट वाटते. गणित त्याला येत असते, फक्त प्रश्नाची भाषा परकी असते. अशा मुलाने ऑगस्टपासून रोज दहा उदाहरणे इंग्रजी पुस्तकातून सोडवली तरी जानेवारीपर्यंत शब्दांची भीती जाते. वयाची अट ३१ मार्चला १३ ते १५ वर्षे. अर्जाच्या तारखा दर सत्रात मागेपुढे होतात, त्यामुळे ऑक्टोबर लागला की आठवड्यातून एकदा परीक्षेचे संकेतस्थळ पाहत राहावे.

केंद्रीय विद्यालयात नववीला जागा रिकामी असेल तरच प्रवेश. तिथे १०० गुणांची चाचणी होते, त्यात एकूण ३३ टक्के लागतात आणि त्यानंतर पालकांच्या नोकरीच्या वर्गवारीप्रमाणे क्रम लागतो. केंद्र सरकारी नोकरी नसलेल्यांना इंदुरात संधी कमी, पण शून्य नाही. विद्यालय विकास निधी महिना ५०० रुपये, त्यावर मुलांना २०० रुपये शिक्षण शुल्क आणि मुलींना तेही माफ. खासगी फीशी असलेल्या एवढ्या फरकासाठी एक अर्ज करून पाहायला काहीच हरकत नाही.

खासगी शाळांतही नववीला लेखी चाचणी घेतात. ती बहुधा आठवीच्या गणितात अडकवते: एकचल समीकरणे, अवयव पाडणे, घातांक, शेकडेवारी आणि नफा-तोटा. घोकून काही होत नाही. आठवीच्या सहामाहीत हे धडे कच्चे राहिले असतील तर नाताळापर्यंत पक्के करून घ्यावेत.

परीक्षा मुले देतात आणि बहुतेक वेळा निभावतात. प्रवेश अडतो तो कागदांवर. आपल्या मराठी घरांना यात एक खास अडचण आहे, ती नीट समजून घ्यायला हवी.

समजा, मुलीचे नाव सई मिलिंद पळशीकर. जन्मदाखल्यावर नगर निगमाच्या लिपिकाने हिंदीत ‘सई पलसीकर’ लिहिले, कारण हिंदीच्या रोजच्या लेखनात ळ नाही. पलसीकर कॉलनीच्या पाटीवरही ळ नाही आणि श सुद्धा नाही. आधारवर वडिलांनी रोमनमध्ये पूर्ण तीन शब्दी नाव दिले आणि ‘एस’नंतर ‘एच’ टाकला. समग्र पोर्टलवर (राज्याच्या कुटुंब-नोंदणीत) फक्त ‘सई’ आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमध्ये ‘कु. सई पालसीकर’. घरात कुणालाच यात काही चुकीचे वाटत नाही, कारण माणूस एकच आहे. संगणकाला मात्र या चार वेगळ्या मुली दिसतात. एका अर्जात नाव जुळले नाही की ई-केवायसी फेल, ई-केवायसी फेल की नववीचे नामांकन (मंडळाकडची नोंदणी) प्रलंबित, आणि प्रलंबित नामांकनावर विलंब शुल्क चढत जाते. काळ्यांचे काले, पळणीटकरांचे पलनीटकर, वेलणकरांचे वेलनकर हे आपण हसून सोडून देतो. आठवीत ते सोडून देऊ नये.

दुरुस्तीलाही क्रम असतो आणि तो चुकला तर दुप्पट खेपा पडतात. आधी जन्मदाखला. मग त्यावरून आधार. मग आधारवरून समग्रची ई-केवायसी. सगळ्यांत शेवटी शाळेला अर्ज, म्हणजे स्कॉलर रजिस्टर आणि यूडायस (शाळांची देशभरची संगणक-नोंद) या दोन्हींत नाव बदलेल. उलट दिशेने गेलात, समग्र आधी सुधारून आधार नंतर बदलले, तर पुढच्या ई-केवायसीला पुन्हा तेच भांडण उभे राहते. आधारवर नाव दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, हे केंद्रावरच्या खुर्चीत बसण्याआधी लक्षात ठेवा. स्पेलिंग घरूनच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावे. मुलांचे बोटांचे ठसे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधराव्या वर्षी पुन्हा अद्ययावत करायचे असतात. पहिले राहून गेलेली मुले आठवीतही सापडतात आणि त्यांचे आधार ऐन वेळी चालत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर ओटीपीच येणार नाही, तोही याच खेपेत बदलावा.

समग्रचे दोन आकडे असतात. कुटुंबाचा आयडी आठ आकडी आणि सदस्याचा नऊ आकडी. अर्जात मुलाचा नऊ आकडी हवा असतो आणि घाईत आठ आकडी लिहिला जातो. एकत्र कुटुंबातून वेगळे झालेल्या घरांत मुलाचे नाव आजोबांच्या आयडीत राहून वडिलांच्या आयडीत दुसऱ्यांदा चढलेले असते. ते दुहेरी नाव झोन कार्यालयातून काढून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

टीसी हातात आल्यावर ती घडी करून खिशात घालू नका, तिथेच टेबलापाशी उभे राहून वाचा. स्कॉलर नंबर आहे का. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत एकच आहे का (अंकांत १२ आणि अक्षरांत ‘इक्कीस’ अशी टीसी निघते, कारण दोन्ही रकाने अनेकदा दोन वेगळ्या हातांनी भरलेले असतात). कोणती इयत्ता उत्तीर्ण, शाळा सोडल्याची तारीख, शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड, मुलाचा पेन (कायमचा शिक्षण क्रमांक), मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. मुलाचे स्कॉलर रजिस्टरमधले नाव चुकले असेल तर ते टीसी निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यावे. एकदा मूल शाळेतून गेले की जुन्या नोंदीत हात घालायला शाळा तयार होत नाही, आणि तिला दोषही देता येत नाही.

आठवीपर्यंत कायदा पालकांच्या बाजूने भक्कम उभा आहे. कलम ५ प्रमाणे टीसी ताबडतोब द्यावी लागते आणि टीसीला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववीला हे कवच राहत नाही, म्हणून टीसी वेळेत हातात असणे इतके महत्त्वाचे.

टीसीसोबत आता आणखी एक अदृश्य कागद आहे. तो म्हणजे मुलाचा पेन, जो यूडायस प्रणालीत असतो. मूल शाळा सोडते तेव्हा जुन्या शाळेने त्याला तिथल्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकायचे असते आणि नव्या शाळेने पेन आणि जन्मतारीख घालून त्याला आपल्याकडे ओढून घ्यायचे असते. जुनी शाळा हे करायला विसरली, किंवा फी बाकी म्हणून मुद्दाम थांबली, तर कागदी टीसी हातात असूनही मूल प्रणालीत जुन्याच शाळेत राहते. नव्या शाळेतल्या हजेरीपटावर नाव असते, पण मंडळाच्या नामांकनाच्या वेळी ते वर येत नाही. टीसी घेताना संगणक-लिपिकाला सरळ विचारावे, ‘ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं का?’ आणि पडद्यावर पाहून यावे. बाकी फीचा हिशेब निकालाआधी मिटवणे शहाणपणाचे. मिटवता येत नसेल तर हप्त्यांचा लेखी अर्ज द्यावा.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न आपल्या जुन्या गिरणी कामगार कुटुंबांत फार अडतो. महाराष्ट्रातल्या तहसीलदाराने दिलेला दाखला मध्य प्रदेशातल्या आरक्षणाला चालत नाही. इथला दाखला हवा असेल तर अनुसूचित जाती-जमातींना १९५० मध्ये आणि इतर मागासवर्गाला १९८४ मध्ये कुटुंब मध्य प्रदेशात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा हुकुमचंद किंवा मालवा मिलमध्ये होते, त्यांचे जुने पासबुक, मतदार यादीतले नाव, काका-आत्यांच्या शाळेतल्या दाखल-खारिज रजिस्टरची (नाव घातल्या-काढल्याच्या नोंदीची) नक्कल यांतून तो जुळवावा लागतो. पेटीतले हे कागद शोधायला दिवाळीची साफसफाई हीच चांगली वेळ. लोक सेवा केंद्रात अर्ज दिला की पावतीवर काम पूर्ण होण्याची तारीख असते, कारण २०१० चा लोक सेवा हमी कायदा ती घालून देतो. ती तारीख उलटली तर अपील करता येते.

महाराष्ट्रातून बदलीने येणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे, की तिथला ‘शाळा सोडल्याचा दाखला’ इथे टीसी म्हणून चालतो, पण त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावे. नंतर त्या एका सहीसाठी पुण्याला किंवा नागपूरला जाऊन यावे लागते. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्यावी. महाराष्ट्र मंडळाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि इथे एप्रिलपासून शिकवणे चालू असते, तेव्हा जूनमध्ये आलेले मूल दोन-चार धडे मागे असते. समग्र आयडी इथे आल्यावर नवा काढावा लागतो. पेन मात्र देशभर एकच राहतो, नवा काढू देऊ नये.

खासगी शाळा निवडताना फी विचारण्याआधी मान्यता विचारा. आठवीपर्यंतची मान्यता ही एक गोष्ट आणि नववी-दहावी चालवण्याची मान्यता आणि मंडळाची संलग्नता ही वेगळीच गोष्ट. पाटीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिले असेल तर पॅटर्न या शब्दापाशी थांबा. अशा काही शाळा मुलाला आपल्याकडे शिकवतात आणि नाव दुसऱ्याच शाळेच्या पटावर ठेवतात. दहावीच्या प्रवेशपत्रावर ते दुसरे नाव दिसते तेव्हा हातात काही उरलेले नसते. सीबीएसईचा संलग्नता क्रमांक सात आकडी असतो आणि मध्य प्रदेशात तो १० ने सुरू होतो. पाच आकडी स्कूल कोड ही निराळी गोष्ट आहे. तो सात आकडी क्रमांक मंडळाच्या सारस पोर्टलवर टाकून शाळेची संलग्नता माध्यमिक स्तरापर्यंत आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे दोन मिनिटांत पाहता येते. एका तुकडीत ४० मुलांची मर्यादा असते, म्हणून ‘जागा नाही’ हे उत्तर दरवेळी बहाणा असतेच असे नाही.

फीबद्दल थोडेच. राज्याच्या २०१७ च्या फी विनियमन कायद्याप्रमाणे वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ शाळा स्वतः करू शकते, १० ते १५ टक्क्यांना जिल्हा समितीची आणि त्यावर राज्य समितीची मंजुरी लागते. ठरावीक दुकानातूनच पुस्तके किंवा गणवेश घेण्याची सक्ती करता येत नाही. तक्रार सीएम हेल्पलाइन १८१ वर किंवा मंगळवारच्या जनसुनवाईत देता येते. तोंडी बोलण्यापेक्षा पावती जोडलेला एक पानाचा अर्ज पुढे सरकतो.

मंडळ बदलायचे असेल तर ते नववीलाच. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकसंध अभ्यासक्रम आहे. दहावीला थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या मोजक्या कारणांनीच आणि मंडळाच्या परवानगीने मिळतो. एमपी बोर्डात तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक विज्ञान असे सहा विषय असतात, त्यामुळे दोन भाषांची सवय असलेल्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे येते. ही तिसरी भाषा संस्कृतच असली पाहिजे असे नाही. एमपी बोर्डाच्या दहावीच्या वेळापत्रकात मराठीचा पेपर आहे. सीबीएसईच्या विषययादीतही मराठी आहे, तिचा क्रमांक ००९. शाळा शिकवत नाही, कारण कुणी मागत नाही. नववीच्या विषयनोंदणीआधी पाच-सात पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी मागणी द्यावी. नंतर दहावीत भाषा बदलता येत नाही. घरात रोज बोलली जाणारी भाषा मुलाने दहावीच्या गुणपत्रिकेवर मिळवावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

नववीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मंडळाकडे जी नोंदणी होते, तिच्यातलेच नाव, आईवडिलांची नावे आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेवर येतात. तीच गुणपत्रिका पुढे पासपोर्टला आणि नोकरीला वयाचा पुरावा म्हणून लागते. शाळेकडून नोंदणीची छापील प्रत मागून घ्या, आईच्या नावाचे स्पेलिंग तपासा (लग्नाआधीचे की नंतरचे, हे आधीच ठरवा), आणि मगच पालक म्हणून सही करा.

शिक्षण विभागाला आमच्या मागण्या मोजक्या आहेत. आरटीईतल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला आठवीच्या सप्टेंबरमध्ये शाळेने लेखी सूचना द्यावी, की मोफत शिक्षण या वर्षी संपते आणि उत्कृष्ट, मॉडेल, नवोदय यांचे अर्ज अमुक महिन्यांत निघतात. शेजारच्या गुजरातने २०२३ पासून आठवीनंतरच्या मुलांसाठी प्रवेश परीक्षेवर आधारित ज्ञान साधना शिष्यवृत्ती सुरू केली आहे आणि आरटीईतून शिकलेली मुलेही तिला पात्र आहेत. मध्य प्रदेशात अशी काही सोय होईपर्यंत निदान आरटीईतल्या मुलांना राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू द्यावे, यासाठी राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा. आपल्या वृत्तपत्राने दर ऑक्टोबरात या सगळ्या अर्जांच्या तारखा एका चौकटीत छापाव्यात. आणि आठवीच्या वर्गशिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत प्रत्येक पालकाला मुलाचा पेन, समग्रचा नऊ आकडी सदस्य आयडी आणि स्कॉलर रजिस्टरमधले नाव, जसे लिहिले आहे अगदी तसेच, एका चिठ्ठीवर उतरवून द्यावे.

आपले,
नववीच्या प्रवेशासाठी पालकांना मदत करणारे काही निवृत्त शिक्षक,
इंदूर